पंचवीस अक्षरं आणि बारा खोल्या

सोमवार, १० नोव्हेंबर
माथेरानच्या बारा खोल्यांच्या हॉटेलचा मी मॅनेजर, आणि सकाळपासून कॉम्प्युटर मलाच सांगत होता, अपडेट चालू आहे, बंद करू नका. गिऱ्हाईक समोर ताटकळलेलं. मेन स्विच पाडला. यंत्राला वचक हवा. आता चालूच होत नाही. रिसेप्शनवरची तस्लीम म्हणाली, कर्जतच्या ओवेसला फोन करू, मशीन त्याच्याच दुकानातलं आहे. नको म्हटलं. ओवेस स्क्रू फिरवणारा माणूस, इथे डोकं लागतं. शेठना कळवलं: उद्या दुपारपर्यंत.

मंगळवार, दु. १२
पेनड्राइव्हवर सिस्टीम घेतली. जुनं दुरुस्त करू की सगळं नव्याने टाकू, असं विचारतोय. अर्धवट काम मला आवडत नाही. सगळं नव्याने.

मंगळवार, दु. ३
झालं. म्हणजे जवळजवळ. फक्त लायसन्स की मागतोय, पंचवीस अक्षरं. तस्लीमने विचारलं, शनिवारच्या बुकिंग कुठे गेल्या. आधी जीव वाचवायचा, आठवणींचं नंतर बघायचं, असं समजावलं. तिने स्वतःचा फोन काढला. पटलं असावं.

बुधवार
कॅबिनेटच्या मागे स्टिकर आहे, त्यावर की. शेवटची चार अक्षरं लाल मातीने खाल्लीत. अंदाजाने भरतोय. एकतीस प्रयत्न. जवळ आलोय.
ओवेसला फोन केला, एका मित्रासाठी म्हणून. तो म्हणाला, मित्राला मशीन घेऊन पाठवा.
तस्लीम दिवसभर व्हॉट्सअ‍ॅप चाळून गिऱ्हाइकांना फोन करतेय. कागदावर चौकोन आखलेत. मागासलेली पद्धत. पण काही बोललो नाही.

गुरुवार
प्रयत्न शंभराच्या पुढे. शेठचा फोन उचलला नाही, एकाग्रता मोडते.

शुक्रवार
मशीन जातीने कर्जतला न्यायचं ठरवलं. इथे गाडी चालत नाही, म्हणून हॉटेलच्या चादरीत गुंडाळून नवशाच्या घोड्यावर बांधलं. मी बाजूने पायी, खाली गाडीतळापर्यंत. नवशाने विचारलं, पेशंट हाय का. पर्यटकांनी फोटो काढले.
ओवेसने जुन्या बिलावरून की काढली आणि टाकली. चार मिनिटं. मित्राची तब्येतही विचारली. मग म्हणाला, "बुकिंग परत येणार नाय, मॅनेजर. त्या तुमीच पुसल्यात."
शेठना काय सांगायचं ते चढणीवर ठरवेन.

शनिवार, १५ नोव्हेंबर
चढणीवर काही सुचलं नाही. शेठ स्वतः आले. बाराही खोल्या भरलेल्या, एकाही खोलीवरून भांडण नाही. काउंटरभर तस्लीमचा कागद पसरलेला. कॉम्प्युटर ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी तो पोटाशी धरून उभा. शेठनी विचारलं, हे इतके दिवस बंद का होतं. मी घसा साफ केला. तेवढ्यात तस्लीम म्हणाली, "सर स्वतः खाली घेऊन गेले होते दुरुस्तीला." बास, एवढंच. खोटं काहीच नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना.
शेठनी बुकिंगचं काम आजपासून तिच्याकडे दिलं.

रविवार
कागदावरचं सगळं कॉम्प्युटरमध्ये भरायचंय. ती सांगते, मी टाइप करतो. पाचव्या खोलीला म्हणालो, जरा हळू सांग. तिने पुन्हा सांगितलं, हळू. आभार मानायचे आहेत. बारावी खोली झाली की मानू, असं ठरवलं. बारावी झाली आणि ती डिसेंबर सांगायला लागली.