तू घासून टाकलेली वाघीण

आई, तुझ्याशी बोलायला बसले की आधी आपल्या घाटकोपरच्या घरातला ओटा दिसतो. दिवाळीची साफसफाई चाललीये, मी ऑफिसातून दमून येते, आणि धुतलेल्या वाट्यांशेजारी माझी तेलाची वाघीण पालथी पडलीये, नव्यासारखी चकचकीत. मालगाडीच्या टाकीवाल्या डब्याचं वीतभरही नसलेलं ते मॉडेल. पातळ रंगाचे हात देऊन, खडूची पूड चोळून कितीतरी दिवस मी ते जुनं, गंजकं, तेलकट करत होते. वरून वार्निश मारायचं तेवढं राहिलं होतं. तू मोठ्या आनंदाने म्हणालीस, "केवढी मळली होती गे! नारळाच्या सोडणान घासलंय, तेव्हा खंय निघाला." मी बाथरूमचं दार लावून रडले. बाहेर आल्यावर सगळं सांगितलं, तर तू वाघिणीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिलीस. "म्हणजे चांगली वस्तू तू मुद्दाम घाण करतस?"

"खरी वाटावी म्हणून, आई."

त्या रविवारी जेवणं आटपल्यावर स्टूल ओढून माझ्या टेबलाशी बसलीस. "आण हय." मी म्हटलं, तुला जमेल का गं? तर केवढी फिसकारलीस! "आख्खा आयुष्य घाण काढण्यात गेला माजा. ती खंय बसता, ता माका नाय कळाचा?"

लग्नानंतरची पहिली वर्षं तू माहुलला काढलीस, रिफायनरीच्या भिंतीला लागून. दोरीवरच्या कपड्यांवर पडणारे काळे ठिपके आणि समोर रुळांवर उभ्या असलेल्या तेलाच्या वाघिणी, हे तू रोज बघितलेलं. समईची काजळी खरवडून आणलीस. गावाहून तुळशीसाठी आणलेली तांबडी माती जुन्या साडीच्या फडक्यातून गाळलीस. टाकीच्या झाकणापासून खाली एकच ओघळ काढलास, वाकडा, मध्येच थांबलेला. मी शिडीवरही काळं लावायला गेले तर मनगटावर चापट. "माणसाचे पाय पडतत थंय मळ रवणा नाय. थंय तकाकी येता." फडक्याच्या टोकाने एकेक पायरी पुसून चमकवलीस. माझ्या आधीच्या वाघिणीला नुसता रंग होता. या वाघिणीवर कोणीतरी चढून उतरल्यासारखं वाटत होतं.

मग रविवारची दुपार आपली झाली. तुला इंजिनांत रस नव्हता, त्यांच्या आसपास राहणाऱ्या माणसांत होता. मॉडेलमधल्या रेल्वे फाटकवाल्याच्या खोलीमागे तू शिवणाच्या दोऱ्याची दोरी बांधलीस, तिच्यावर नखाएवढ्या साड्या वाळत घातल्यास आणि प्रत्येकीवर सुईच्या टोकाने काजळीचा एकेक ठिपका ठेवलास. ठेवताना हळूच म्हणालीस, "बाये, परत धुवूची लागतली तुका." कोणाशी बोलत होतीस? मी विचारलं नाही. विचारायला पुष्कळ रविवार आहेत असं वाटायचं. तुझं हृदय इतकं थकलंय हे तुलाही कळलं नव्हतं, मला कुठून कळणार.

तू गेल्यावर मी खूप मॉडेलं केली. हात आता सफाईदार झालाय, पण शेजारचं स्टूल रिकामं असतं, आणि काम चांगलं जमलं की मी अजून तिकडेच बघते.

परवा मुलुंडला एका हॉलमध्ये आम्हा हौशी लोकांचं प्रदर्शन होतं. एक बाई बराच वेळ माझ्या टेबलापाशी वाकून बघत होत्या. "कोणी शिकवलं हो हे तुम्हाला?" मी म्हटलं, "आईने." त्यांनी मान वर करून इकडे तिकडे बघितलं. "आल्यात का त्या? भेटायला आवडेल मला."

आई, हे तुलाच सांगायचं होतं, म्हणून कागद घेतला. पाठवणार कुठे, ते माहीत नाही. मी त्यांना म्हटलं, "नाही, घरी आहे. गर्दीत तिला नको वाटतं." इतकं सहज आलं तोंडातून. आणि मग संध्याकाळी, खोटं कशाला बोलू, मी सगळं भराभर आवरून घाईघाईने घरी निघाले.