दहा खणांची मॅटाडोर

मी, आरोन सायमन वाक्रुळकर, वय सदुसष्ट, धंदा ट्रक-टेम्पोच्या बॉड्या बांधणे, राहणार इस्राएल आळी, पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. तसे डॉक्टरांनी लिहून दिले आहे; पत्नीने लिहून देण्यास नकार दिला. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी दाराशी उभी राहून "अक्षर जरा मोठं काढा, नंतर मलाच वाचायचंय" म्हणते आहे, तो दबाव कायद्यात बसत नसावा असे धरून चालतो. यापूर्वी जेवणाच्या पाटावरून "सगळं दान करून टाकीन" असे मी जे वेळोवेळी जाहीर केले, ते सर्व याने रद्द समजावे.

कलम पहिले. पेणचे राहते घर, त्यातील सामान व बँकेतील शिल्लक माझी पत्नी ज्युडिथ हिची. आमची मुलगी शीरा इस्राएलात अश्दोदला असते. ज्युडिथला तिच्याकडे जावेसे वाटले तर जावे, न वाटले तर राहावे. "आता तुमचं इथं कोण आहे" हे वाक्य तिच्यासमोर कोणी बोलू नये. घरातील डुगडुगणारी खुर्चीही तिचीच. पन्नास वर्षे लाकूडकाम केलेल्या माणसाच्या घरात डुगडुगणारी खुर्ची कशी, असे पाहुणे विचारतात. तिचे उत्तर ज्युडिथ देते, मी त्या वेळी बाहेर जातो. मलिद्याचे पितळी ताट शीराला पाठवावे. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाचा मलिदा करायला पेणचे पोहे तिला तिकडे मिळत नाहीत. तेही बरोबर द्यावेत.

कलम दुसरे. वडखळ नाक्यावरील कारखाना, करवतीचे यंत्र, सर्व हत्यारे व पत्र्याची शेड माझा पुतण्या जोसेफ याला. माझा रंधाही त्यालाच. जोसेफला हे वाचून आनंद होईल. तो पुढचे कलम वाचेपर्यंत टिकावा.

कलम तिसरे. मॅटाडोर.

वकील म्हणाले, "जंगम मालमत्ता, एका ओळीत लिहा." एका ओळीत ती माझ्याच्याने बांधून झाली नाही, तर लिहून कशी व्हावी?

नव्वद साली रोह्याच्या एका कंपनीने शिफ्टची माणसे ने-आण करणारी जुनी गाडी मोडीत काढली, ती मी घेतली. कारण असे. आम्हा ज्यू लोकांत दहा जाणते पुरुष जमल्याशिवाय सिनेगॉगमध्ये तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढता येत नाही. नऊ असले तर नऊ जणांनी एकमेकांची तोंडे पाहून घरी जायचे. माणसे एकेक करून इस्राएलला गेली, राहिलेली विखुरलेली: पेणला काही, खांबला एक, कोलाडला दोन, रोह्याच्या आसपासच्या वाड्यांत चार. पेणलाही सिनेगॉग आहे. पण रोहेकर पेणला येत नाहीत, आणि पेणकर जेवण असेल तिथे कुठेही जातात. म्हणून मी ठरवले, गाडी करायची, सगळ्यांना उचलायचे आणि रोह्याला नेऊन दहा पुरे करायचे. दोन्ही बाजूंना बाके केली, फ्रेंच पॉलिश केले, गाडी दारात आणली आणि आळीला ऐकू जाईल असे सांगितले, "दर शनिवारी सकाळी सात वाजता निघायचं!"

ज्युडिथ तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शब्बाथला गाडी चालवणार?"

"अगं, शनिवारीच तर प्रार्थना..." म्हणत मी गाडीची चावी खिशात टाकली.

आमच्या पूर्वजांना या मुलखात शनवार तेली म्हणत, कारण शब्बाथचा विसावा पाळून शनिवारी ते घाणा जुंपत नसत. त्यांचा वंशज शनिवारी मॅटाडोर जुंपायला निघाला होता. पॉलिशच्या तीन हातांनंतर हे सुचणारा माणूस मी एकटाच असेन.

मग एकच वाट उरली. माणसे शुक्रवारी ऊन उतरायच्या आत आणायची आणि शनिवारी चांदण्या दिसल्यावर परत न्यायची. म्हणजे दहा म्हाताऱ्यांचे एका दिवसाचे बिऱ्हाड गाडीत मावले पाहिजे: अंथरुणे, पांघरुणे, पाणी, भांडी, प्रार्थनेची पुस्तके, किद्दूशच्या आशीर्वादासाठी मनुकांचे शरबत, औषधे, आणि शब्बाथला चूल पेटवायची नसल्यामुळे शुक्रवारी शिजवून शनिवारी दुपारपर्यंत गरम राहील असे जेवण. माणसे नेण्यापेक्षा त्यांचे सामान नेणे अवघड असते, हे मला वयाच्या साठीत कळले.

पहिले कपाट मी कारखान्यात अखंड बांधले. सागाचे, सहा फळ्यांचे, देखणे. ते गाडीच्या दारातून आत जाईना. उभे, आडवे, तिरके, सगळे करून झाले. माझा ड्रायव्हर आणि पस्तीस वर्षांपासूनचा सोबती पुंडलिक, मिठागरातल्या कुटुंबातला, घाम पुसत म्हणाला, "शेठ, आता गारी कपाटान घालू का?" ते कपाट आज आमच्या मोरीशेजारी आहे आणि त्यात ज्युडिथ सुकी मासळी ठेवते.

त्यानंतर मी शहाणा झालो, असे नाही. पण आतले सगळे आतच बसून बांधू लागलो. बाकांची फळी उचलली की खाली अंथरुणे. मागच्या दाराला आतून खुंट्या, त्यांना पिशव्या. पाण्याची टाकी छतावर, नळ आत. आमच्यात दूध आणि मटण एकत्र चालत नाही, म्हणून दुधाची भांडी डावीकडे, मटणाची उजवीकडे. घाटात गाडी कलली तरी एकमेकांना शिवणार नाहीत अशी मध्ये फळी. जेवण गरम ठेवायला भुशाची पेटी केली: मोठ्या पेटीत लाकडाचा भुसा दाबून भरायचा, मध्ये पातेल्याएवढी जागा, वर गादीचे झाकण. अन्न आपल्याच उष्णतेने गरम राहते. फक्त पहिल्या खेपेला भुसा मी कारखान्यातल्या जमिनीवरचा भरला. कोलाडचे म्हातारबा मटणाचा घास घेऊन म्हणाले, "आरोन, रस्सा छान. टर्पेंटाइन कोणत्या दुकानातलं?" आता भुसा ताज्या आंब्याच्या लाकडाचा असतो. पुढे पेटी वापरणाऱ्याने तो दर पावसाळ्यानंतर बदलावा.

आणि खिडक्यांखाली दहा खण. मी सोडून प्रत्येकाला एक, वर त्याचे नाव रंगवलेले. त्यात त्याचा चष्मा, कवळी, तपकीर, गोळ्या. खणांना आधी साधे खटके लावले होते. खांबच्या वळणावर दहाही खण एकदम बाहेर आले आणि दहा माणसांच्या कवळ्यांची सरमिसळ झाली. त्या शब्बाथला सगळेच जरा बोबडे बोलत होते. त्यानंतर खण किंचित उचलून मग ओढायचा, अशी खाच केली. गाडी कितीही आदळली तरी उघडत नाही. ही खाच म्हणजे माझ्या हातून पहिल्या झटक्यात बरोबर झालेली एकच गोष्ट, म्हणून सविस्तर लिहिली.

आता मुख्य मुद्दा. आज मला धरून आम्ही अकरा आहोत. मी गेल्यावर बरोबर दहा. दहावा जोसेफ. एक जण जरी आला नाही, किंवा गाडी आली नाही, तर रोह्याची प्रार्थना थांबेल. पुन्हा सुरू होईल अशी मला आशा नाही. पुंडलिकच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. समोरून येणारी एसटी त्याला आता आवाजावरून कळते. म्हणजे गाडीला मालक हवा आणि चालवणाराही हवा.

गेल्या महिन्यात मी गाडीत बाकाच्या फळीवर पडलो होतो. घरात मी बहिरा समजला जातो. ज्युडिथच्या हाकेला मी ओ देत नाही, त्यावरून हा समज झाला आणि सोयीचा असल्याने मी तो राहू दिला. प्रत्यक्षात चालत्या गाडीत कोणता खण वाजतो हे मला स्टिअरिंगवर बसून कळते. आणि गाडीची भिंत म्हणजे एक पातळ प्लाय. तिच्या पलीकडे जोसेफ आणि पुंडलिक बिड्या ओढत होते.

जोसेफ म्हणाला, "काकाचं आटोपलं ना, की ही सगळी फळकुटं काढून टाकणार. चौदा शिटा बसतात बघ आत. वडखळ-अलिबाग वडाप. दिवसाला आठ फेऱ्या."

"आनि शुक्रवारी?" पुंडलिकने विचारले.

"शुक्रवारी तर जास्त पाशिंजर."

"तुमच्या म्हाताऱ्यांचं काय मंग?"

"म्हातारे एसटीनं येतील." थोडे थांबून, "चालवायला माणूस बघ एखादा."

"आमची पोर नमी चालवते म्हनं," पुंडलिक म्हणाला. माझे कान उभे राहिले. "पन बाईमानूस. मी नाय चालवू देनार. लोक हसतील."

दोघांवरही माझा राग नाही. जोसेफला चौदा शिटा दिसल्या. मला त्याच जागेत कपाट दिसले होते, आणि ते आत जात नव्हते. पण फळीवर पडल्यापडल्या माझे ठरले.

म्हणून लिहून ठेवतो की सदर मॅटाडोर, आतील बाके, टाकी, पेटी, दहा खण व छतावरील कॅरिअरसह, पुंडलिकची मुलगी नम्रता हिला द्यावी. तिचा गाडीवर पूर्ण मालकी हक्क राहील. नम्रता दोन वर्षांपूर्वी सासर सोडून आली आणि शिलाई मशीन सायकलला बांधून खारेपाटातल्या गावांत ब्लाऊज शिवत फिरते. मशीन गाडीत ठेवायला मागच्या बाकाची फळी उलटी केली की टेबल होते, हे तिनेच मला दाखवले. सात वर्षांत माझ्या ते लक्षात आले नव्हते. गाडी तिला मी शिकवली, रविवारी, मिठागराच्या बांधाकडेच्या रस्त्यावर. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, "आरोनकाका, तुम्ही इतके ओरडू नका, गाडी घाबरते." त्यानंतर ती माझ्यापेक्षा बरी चालवते. खण वाजत नाहीत.

सहा दिवस गाडी तिच्या धंद्याची. शुक्रवारी दुपारी दहा जणांना उचलावे आणि शनिवारी चांदण्या दिसल्यावर सोडावे, अशी माझी विनंती आहे. अट नाही. अट घातलेली माणसे वेळेवर येतात, पण चेहरा पाडून येतात. आतली रचना बदलायची तिला मुभा आहे. माझी रचनासुद्धा चुकतचुकतच झाली. खण मात्र दहा माणसे आहेत तोवर दहाच ठेवावेत. पुढे एखादा रिकामा झाला तर त्यात बटणे ठेवावीत. नाव खरवडायचे की ठेवायचे, तिने ठरवावे. आधी गेलेल्यांची मी नव्या नावाखाली तशीच ठेवली, ती भावनेपोटी असे लोक समजतात. खरे म्हणजे पुन्हा पॉलिश करायचा कंटाळा.

जोसेफ, आता तुझ्याशी. रागावलास तर राग. कारखाना तुला दिला आहे, त्याच्या शेडमध्ये चौदा शिटांची नवी गाडी तू स्वतः बांधशील, माझ्यापेक्षा बरी. पण रागावून शुक्रवारी घरी बसू नकोस. तू आला नाहीस तर नऊ जण तुझ्या नावाने जे बोलतील ते मला वरसुद्धा ऐकू येईल, आणि मी मेल्यावर माझे कान किती तीक्ष्ण होतील याची खात्री नाही. तुझा खण दारापाशी आहे. सगळ्यात मोठा तोच आहे, हे तू कधी पाहिलेले नाहीस.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्युडिथने करावी. ती तशीही करतेच.

येथे साक्षीदारांच्या सह्यांपूर्वी एक मजकूर वाढवणे भाग पडले आहे. साक्षीदार म्हणून मी शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका विमलबाई आणि पुंडलिक यांना बोलावले. साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवायचे बंधन नाही, असे वकील म्हणाले होते. पण पुंडलिकने न ऐकता सही केली तर पोरीला गाडीच्या दारात अडवायला तो मोकळा. ऐकून केली तर नाही. म्हणून तिसरे कलम मोठ्याने वाचले.

पुंडलिक म्हणाला, "माझ्या पोरीच्या नावाव?"

"हो."

"मना नाय इचारलंव."

"विचारलं असतं तर नाय म्हणाला असतास."

"म्हनलोच असतो." तो उठला आणि बाहेर गेला. विमलबाईंनी माझ्याकडे पाहिले, मी पेनाकडे. सही न होताच तो घरी गेला असे मी धरले. ज्युडिथ म्हणाली, "दुसरा साक्षीदार बघा." मी म्हटले, "थांब." कारण मला गाडीचे दार ऐकू आले. पुढचे. मग सीटची स्प्रिंग. मग पान्याचा आवाज, बोल्ट सुटल्याचा, काहीतरी लोखंडी घासत सरकल्याचा, आणि पुन्हा पान्याचा.

पुंडलिक आत आला तो हात काळे करून.

"सीट चार बोटं पुढं घेतली," तो म्हणाला. "तिचे पाय क्लचवं नीट पोचत नाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगाया कोन होवा? सोमवारी गारी काढली की सीटवं उशी सापडायची, पाठीला लावायची. डोळ्यांन मोतीबिंदू हाय शेठ, पन उशी दिसते." मग ज्युडिथकडे वळून, "वयनी, पेन कुठं हाय?"

सबब तिसऱ्या कलमातील गाडीच्या वर्णनात "ड्रायव्हरची सीट चार बोटे पुढे" एवढे जास्तीचे वाचावे. माझे पाय आता तिथे मावत नाहीत.

वरील सर्व मजकूर मी शुद्धीवर असताना, राजीखुशीने लिहिला, वाचला व बरोबर आहे म्हणून खाली सही केली. साक्षीदारांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

स्थळ: पेण
दिनांक: १६ फेब्रुवारी १९९७, रविवार

मृत्युपत्र करणार: आरोन सायमन वाक्रुळकर

साक्षीदार १: विमलबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, पेण

साक्षीदार २: पुंडलिक, ड्रायव्हर, राहणार वडखळ. सहीवरील काळा डाग ग्रीसचा आहे. तो खाडाखोड समजू नये.