त्यांच्या नावावरची पावलं

भोसरी,
९ जानेवारी २०२५

ती. सुमनताईंना दीपमालाचा नमस्कार.

तुम्ही पाठवलेल्या शेंगा पोचल्या. मुलं मुठीमुठीने संपवतायत. गावाकडे थंडी फार असेल, दाजींच्या गुडघ्यांना जपा. फोनच केला असता, पण हे शेजारीच पडून असतात आणि तुमच्या भावासमोर मला "बरे आहेत" याशिवाय दुसरं बोलता येत नाही. म्हणून गावी निघालेल्या गल्लीतल्या गणराजजवळ ही चिठ्ठी देते आहे.

ॲटॅकनंतर दवाखान्याने यांना मनगटाला बांधायचा पट्टा दिला होता, तो तुम्हाला ठाऊक आहे. किती पावलं चालले, नाडी किती, सगळं तिकडे बसल्याजागी दिसतं. दर सोमवारी तिथल्या निवेदिता मॅडम मोबाइलवर येऊन व्यायाम करून घ्यायच्या. दवाखान्याचे हेलपाटे वाचले म्हणून मलाही बरं वाटलं होतं.

पण यांना गल्लीच्या टोकापर्यंतही जाववेना. पायरीवर बसून राहायचे. मॅडम विचारायच्या, "भाऊ, पुन्हा आठशेच पावलं?" की यांची मान खाली. लेथवर पंचवीस वर्षं उभा राहिलेला माणूस, ताई. मला बघवत नव्हतं.

मी चाकणला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दिवसभर पायांवरच असते. यांच्या वर्कशॉपात पूर्वी उशीर झालेल्याचं कार्ड दुसराच पंच करायचा, त्याला कुणी पाप म्हणत नसे. एका सकाळी पट्टा माझ्या हाताला बांधला. सोमवारी मॅडम म्हणाल्या, "सात हजार? ज्योतीरामभाऊ, कमाल केलीत." हे हसले. चार महिन्यांनी हसले. मग मी तो रोज बांधून जायला लागले.

आकडे बघून डॉक्टरांनी पाणी काढायची गोळी निम्मी केली. दर आठवड्याचा फोन महिन्यावर गेला. यांचे पाय सुजत होते, पण मोबाइलमध्ये तोंडच दिसतं. मी पाय दाखवले नाहीत. दाखवले असते तर ती पावलं कुणाची, हे सांगावं लागलं असतं.

गेल्या आठवड्यात दम लागला, चार दिवस ॲडमिट होते. तुम्हाला कळवलं नाही, क्षमा करा. डॉक्टर म्हणाले, हृदय पंधरा टक्केच चालतंय, आता घरी न्या, जवळच्यांना बोलावून घ्या.

सुजलेले पाय बघून निवेदिता मॅडमनी पट्ट्यावरच्या पावलांचं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "मीच तिला बांधायला लावला. ती नको म्हणत होती."

ताई, हे खोटं आहे. नको तर हे म्हणाले होते, दोनदा. मी ऐकलं नाही. तुम्ही आलात की तुम्हालाही तेच सांगतील. त्यांच्यासमोर मान डोलवा, पण विश्वास ठेवू नका.

आणि या. मार्चमध्ये लग्नाला यायचंच आहे म्हणून तोवर थांबू नका.

तुमची भावजय,
सौ. दीपमाला

(सौ. लिहायला हात धजत नव्हता. तरी लिहिलं.)