लिव्हर उचललं नाही

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणाचं पोट उघडण्याआधी मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडतेच. आज तर फारच भांडतेय, तेही कागदावर. इथे अमेरिकेत, प्लेनोतल्या आमच्या हॉस्पिटलच्या कॅफेटेरियात बसलेय, समोरची कॉफी कधीच गार झालीय, आणि थोड्या वेळात मला एका सतरा वर्षांच्या मुलीच्या पोटातले मॉप काढायचेत. आपण मॉप म्हणायचो ना, ते जाड सुती रुमाल. इथे त्यांना लॅप म्हणतात. परवा मीच ते कोंबून ठेवलेत. आज काढताना मागून रक्त आलं तर पोरगी टेबलावरच जाईल. सर्जन होऊन एवढी वर्षं झाली, पण स्पष्टच सांगते, माझी पाचावर धारण बसलीय.

मुलगी ओळखीतली आहे, हे आणखी वाईट. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमीला एकटी ड्राइव्ह करत येत होती. हायवेवर मागून ट्रकने उडवलं आणि गाडी उलटली. पोट उघडलं तेव्हा आत नुसतं रक्त भरलेलं. लिव्हर दोन्ही हातांनी दाबून धरलं की थांबायचं, आणि जरा उचललं की मागून काळपट रक्ताचा लोट. मॅडम, तुम्ही शेजारी असतात तर आपल्याला एकमेकींकडे बघायचीही गरज पडली नसती. लिव्हरच्या मागून हृदयाकडे जाणारी ती मोठी नीला फाटलेली. माझा सहकारी म्हणाला, लिव्हर पूर्ण वर उचलून मागे काय आहे ते बघूया का? मी नाही म्हटलं. चारी बाजूंनी मॉप कोंबले, पोट न शिवता वरून नुसतं प्लास्टिकचं आवरण लावलं, आणि तिला आयसीयूत पाठवून दिलं. अंगात ऊब येऊ दे, रक्त नीट गोठायला लागू दे, मग पुढचं बघू म्हणून.

बाहेर तिचे आईबाबा उभे. बाबा पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. आई तुमच्या-माझ्या नागपूरची. मी सांगितलं, रक्त थांबवलंय, पण पोट अजून उघडं आहे. बाबा म्हणाला, "पण ताई, रक्त नेमकं येत कुठून होतं?" मी म्हटलं, "मागच्या नीलेतून, बहुतेक." "बहुतेक? म्हणजे तुम्ही बघितलंच नाही?" "नाही." "अहो, रूट कॉज न बघता नुसतं दाबून ठेवलंत? आमच्याकडे असं केलं तर सिस्टिम दुसऱ्या दिवशी परत क्रॅश होते!" आई त्याला म्हणाली, "तू गप्प बस रे जरा," आणि माझी बाही धरून विचारायला लागली, "ताई, वाचेल ना हो ती?" मी नुसता तिचा हात थोपटला. त्याचा राग तर आलाच मला. पण तो बरोबर बोलतोय की काय, ही धास्ती त्याहून मोठी होती, आणि ती दोन दिवस माझ्या मानगुटीवरून उतरलेली नाही.

तुम्ही मला पहिल्यांदा झापलंत तेसुद्धा याच गोष्टीवरून. नागपूरचं ते ऑपरेशन थिएटर, उन्हाळा, कूलर बंद पडलेला. मी दाबून धरलेला मॉप जरासा उचलून खाली डोकावते आहे, आणि तुम्ही माझ्या बोटांवर चिमट्याचा सणसणीत फटका मारता. "काय बघून राहिली? सिनेमा आहे का तिथे? हात काढशील तर तुला थिएटरमधून काढीन." सगळे मास्कच्या आड हसतायत, आणि माझे डोळे भरून आलेत. तेव्हा मला तुमचा इतका संताप आला होता म्हणून सांगू!

मग काही महिन्यांनी तो स्कूटरवाला पोरगा आला. त्या दिवशी मात्र तुम्ही स्वतःच लिव्हर उचललंत. फाट दिसली, टाका घालायला तुमचा हात पुढे झाला, आणि तेवढ्यात सगळं रक्ताने भरून गेलं. गेला तो. संध्याकाळी तुम्ही मला घरी नेलंत. स्वयंपाकघरात चहा ठेवलात, आणि तो उकळून उकळून आटला तरी गॅस बंद करेनात. "दाबून ठेवलं असतं तर राहिला असता बहुतेक," तुम्ही म्हणालात. "पण मला बघायचं होतं ना. दिसल्याशिवाय चैनच पडत नव्हतं." मी उठून गॅस बंद केला. निघताना तुम्ही डब्यातले दोन लाडू माझ्या हातात कोंबलेत, "जेवली नसशील," म्हणालात.

इथपर्यंत लिहिलं आणि ऑपरेशन थिएटरमधून बोलावणं आलं. आता पार्किंगमध्ये गाडीत बसून पुढचं लिहितेय.

धरलेली गुठळी निघू नये म्हणून मॉपवर कोमट सलाइन ओतलं, ते चांगले भिजवले, आणि एकेक करून सोडवले. शेवटचा लिव्हरला लागून, अगदी मागचा. तो हळूहळू बाहेर येत होता आणि माझे कान सक्शनच्या नळीकडे. रक्त आलं की तिचा आवाज बदलतो. निघाला एकदाचा. सगळे थांबलो. काही आलं नाही. आणखी थांबलो, तरी काही नाही. सहकारी म्हणाला, आता धोका दिसत नाही, एकदा मागे बघून घेऊया? मी ओरडलेच त्याच्यावर, बिचारा दचकला. मग पोट शिवून टाकलं.

बाहेर बाबाने नुसते हात जोडले. त्याने काही विचारलं असतं तर बरं झालं असतं. आई रडत रडत म्हणाली, "ताई, तुम्हाला माहीतच होतं ना, थांबेल म्हणून? परवा तुम्ही किती शांत होतात!" मी "हो" म्हटलं. हे पत्र कुठे जाणार आहे, गाडीच्या कप्प्यात पडून राहील, म्हणून तुम्हाला सांगते. मला काहीही माहीत नव्हतं. लिव्हर उचललं नाही ते शहाणपण होतं म्हणून नाही, मॅडम. माझा हातच पुढे होईना.