दोन मशिनी आणि धाकट्याचा हक्क

मी, माणिकराव शालिग्राम गोटे, वय वर्षे अडुसष्ट, धंदा शेती, राहणार किन्हीराजा, तालुका वाशिम, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. बुद्धी ठिकाणावर आहे असे लिहिण्याचा रिवाज आहे. गेल्या उन्हाळ्यात ती ठिकाणावर नव्हती, ते कलम पाचमध्ये येईल. आज आहे.

कलम १. माझ्या हिश्श्याची शेती, विहिरीवरच्या पाण्याच्या पाळीसह, माझा एकुलता मुलगा गोविंदा याने घ्यावी. आताही तोच ती कसतो, मी बांधावर उभा राहून चुका काढतो. ही जमीन मला भावाबरोबरच्या वाटणीत आली. वडील गेल्यावर मी थोरला म्हणून दोन वाटे पाडले आणि धाकटा भाऊ पुंजाजी याने त्यातला आधी उचलला. आमच्याकडे रीतच तशी आहे. थोरल्याने वाटे करायचे, धाकट्याने पसंत करायचा. आधी उचलणारा दुसरा आहे म्हटल्यावर वाटे करणारा लबाडी करत नाही. पुंजाजीने विहिरीजवळचा वाटा उचलला. मला काही वाटले नाही, कारण लांबच्या वाट्यात मी जमीन जास्त घातली होती. त्या वाटणीने माझे नाव झाले. रिसोडपासून धनजपर्यंत लोक मला घरच्या वाटण्यांना पंच म्हणून नेऊ लागले.

कलम २. राहते घर गोविंदाचे, परंतु पुढची खोली माझी पत्नी भागिरथा हिच्याकडे ती हयात असेपर्यंत राहील. पोस्टातली रक्कम तिची. तिचे तिने काय केले हे कोणी विचारू नये. सून विमलबाई हिने सासूला स्वयंपाकात बोलू द्यावे. ऐकले नाही तरी चालेल.

कलम ३. आमचा सालदार खेमा याला तांबडी गाय वासरासह द्यावी. ती दूध त्यालाच देते, मला लाथ देते.

कलम ४. शेजारचे बाबूसिंग यांच्याकडे असलेला आमचा वखर त्यांच्याकडेच राहू द्यावा, मागायला जाऊ नये. मात्र तो मी दिला नव्हता, त्यांनी नेला होता, एवढी नोंद या कागदात असावी.

कलम ५. ज्यासाठी हा कागद लिहायला बसलो ते कलम हे, आणि चार कलमे होईपर्यंत मी ते टाळले.

माझी बहीण प्रयागबाई हिचा मुलगा फुलचंद कुवेतला फिटर आहे. तो उन्हाळ्यात सुटीवर आला तेव्हा आम्हा दोन मामांसाठी खेळाच्या दोन मशिनी घेऊन आला. हातात मावणाऱ्या, ट्रान्झिस्टरच्या चौकोनी सेलवर चालणाऱ्या. तिकडे मोठी माणसेही खेळतात म्हणाला. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या, कारण दुकानात प्रत्येकीची एकच उरली होती. एक मोठी, चंदेरी, फुटबॉलची. दुसरी लहान, काळी, मोटार पळवण्याची. त्याने दोन्ही आमच्या अंगणातल्या खाटेवर ठेवल्या आणि एकेक घ्या म्हणाला.

पुंजाजी माझ्या शेजारीच बसला होता. रोजच बसायचा, आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. वाटे आयतेच पडलेले होते. पुढचे काम धाकट्याचे. त्याचा हात पुढे येतही होता, चंदेरी मशिनीकडे. ते दिसले, आणि मी ती उचलली.

वर हसून म्हणालो की खेळण्याला कसली आली रीत. पुंजाजीने हात मागे घेतला. "दादा," तो म्हणाला, "थोरला बी तूच अन् पयले उचलाचं बी तुलेच. मंग मले बसवलं काहून?" फुलचंदचे मन राखायला त्याने काळी मशीन घेतली आणि घरी गेला. त्यानंतर तो आमच्या अंगणात आला नाही. रस्त्यात भेटला तर मान हलवतो आणि पुढे जातो.

चंदेरी मशिनीत पाहावे तर सगळे खेळाडू म्हणजे सारख्याच लाल रेघा. आपले कोणते आणि समोरचे कोणते हे मला कळेना, आणि सांगणारा कुवेतला परत गेलेला. तरी मी ती सोडली नाही. गोठ्यात बसून, सुनेला दिसू नये म्हणून धोतराच्या सोग्याखाली धरून खेळत राहिलो आणि हरत राहिलो. सेल संपला की खेमाला रिसोडला पाठवायचो आणि ट्रान्झिस्टरसाठी म्हणून सांगायचो. आमचा ट्रान्झिस्टर बंद पडलेला आहे हे खेमाला ठाऊक आहे. त्याने कधी विचारले नाही, याचीही मला लाज वाटते.

संध्याकाळी भिंतीपलीकडून पुंजाजीच्या मोटारीची घरघर ऐकू यायची. शर्यत पुरी झाली की त्या मशिनीतून एक गाणे वाजते. माझ्या मशिनीत कधी गाणे वाजले नाही. आपण घाई केली, काळी घ्यायला हवी होती, असे मला वाटू लागले. भाऊ तुटल्याचे दुःख बाजूला आणि मन त्या गाण्यात. एकदा चंदेरी मशीन घेऊन त्याच्या दारापर्यंत गेलो. चूक झाली, ही तुझी, असे म्हणणार होतो. दाराशी उभा राहिल्यावर कळले की मी परत करायला आलेलोच नाही, बदलून घ्यायला आलो आहे. तसाच मागे फिरलो.

पोळा झाल्यावर धनजहून दोन सख्खे भाऊ मला वाटणीसाठी न्यायला आले. मी पाणी दिले, बसवले. त्यांतला धाकटा म्हणाला, "माणिकराव, थोरल्यानं वाटे कराचे अन् धाकट्यानं उचलाचे, हे तुमी आमच्या बाच्या येळेस ठरवून देल्लं होतं. आतानी तसंच कराचं ना?" मी तोंड उघडले, तेवढ्यात बंडीच्या खिशात चालूच राहिलेली मशीन टुई टुई वाजली. दोघेही माझ्या खिशाकडे पाहू लागले. मी तब्येतीचे कारण सांगून त्यांना परत पाठवले. तब्येतीला काहीही झाले नव्हते. त्या दिवसापासून मी कोणाच्या वाटणीला गेलो नाही, आणि लोक समजतात म्हातारा थकला.

करिता असे ठरवतो. माझ्या मागे, वरील कलमांत दिलेले सोडून जी चीजवस्तू उरेल, म्हणजे बैलगाडी, अवजारे, पितळी भांडी, मोजणीची दोरी आणि ती चंदेरी मशीन, तिचे गोविंदाने अंगणात दोन सारखे वाटे पाडावेत. पुंजाजीने आधी उचलावा. पुंजाजीचा हात पुढे येईपर्यंत कोणी जागचे हलू नये. एका खेळण्यापायी एवढे कशाला, असे कोणी म्हणेल. मी त्याचे खेळणे घेतले असते तर एवढे लिहिले नसते. मी त्याची पाळी घेतली.

गोविंदाला हे कलम वाचून दाखवले. त्याची हरकत नाही. तो एवढेच म्हणाला, "बाबा, मराची वाट कायले पाह्यता? काका भिंतीपल्याड बसून राह्यला, जाऊन सांगा ना." भावाच्या डोळ्यांत पाहून बोलण्यापेक्षा मेल्यावर कागद पाठवणे मला सोपे वाटले, आणि हे माझ्या मुलाला कळले आहे.

पुरवणी. वरील मजकूर पुरा झाल्यावर सह्यांसाठी वाशिमहून अर्जनवीस जगदेव इंगोले आले. दुसरी साक्ष बाबूसिंग यांची घालायची म्हणून खेमाला पाठवले. त्यांनी सवड नाही असा निरोप दिला. वखराची गोष्ट त्यांच्या कानावर गेली असावी. एवढ्यात पुंजाजी आपणहून आला. घरचा कागद साक्षीवाचून अडू नये, म्हणाला, आणि खाटेपाशी उभा राहिला.

जगदेवांनी त्याला थांबवले. ज्याला या कागदाने काही मिळते त्याने साक्षीची सही करू नये, केली तर त्याचा वाटा जातो, असे त्यांनी सांगितले. मला कसला वाटा, असे पुंजाजीने विचारले. तेव्हा जगदेवांनी कलम पाच माझ्यासमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले. गोठा, सोगा, धनजचे भाऊ, काही गाळले नाही. मी जमिनीकडे पाहत बसलो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

वाचून झाल्यावर पुंजाजी खाटेच्या कडेला बसला. मग त्याने जगदेवांना विचारले, "म्हंजे दोनातलं एकच? वाटा, नाहीतं सही?"

जगदेव म्हणाले, हो.

"अन् पयले उचलाचा हक्क माहा हाय ना, दादा?"

मी म्हणालो, तुझाच होता, तुझाच आहे.

"मंग मी सही उचलतो," तो म्हणाला, आणि माझ्या हातातला पेन घेतला.

त्यामुळे कलम पाचप्रमाणे पुंजाजीला द्यायचा वाटा रद्द झाला आणि ती चीजवस्तू गोविंदाची झाली. कलम मात्र खोडू नये, आहे तसे ठेवावे. पेन त्याने मला परत दिला आणि आधी माझी सही लागते म्हणाला. ती मी सर्वांसमक्ष केली.

ठिकाण: किन्हीराजा
तारीख: १८ नोव्हेंबर १९७९

लिहून ठेवणार: माणिकराव शालिग्राम गोटे (सही)

साक्षीदार:
१. जगदेव इंगोले, अर्जनवीस, वाशिम (सही)
२. पुंजाजी शालिग्राम गोटे, लिहून ठेवणाऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ, वाटा सोडून (सही)