नुसतं बघायला

५ जानेवारी २००३, रविवार

नवा राजवाडा बघितला. मी आणि अक्का. गडमुडशिंगीत जन्म गेला, कोल्हापूर सिटी बसनं हाताच्या अंतरावर, आणि राजवाडा आजवर फक्त बाहेरून, कामावर जाता-येता. अक्कानं तर तोही नाही.

दारातच चूक झाली. आम्ही दोघांनी चपला काढून हातात धरल्या. राजाचं घर म्हटल्यावर हात आपोआप खाली गेला. मागं पुण्याकडची मंडळी होती, सगळी बुटांसकट. त्यातली एक बाई हसली. रखवालदार म्हणाला, "घाला की पावणं, देऊळ न्हवं हे." मी लगेच घातल्या. अक्का म्हणाली, "असू दे. फरशी गार हाय, बरं वाटतंय." सगळा राजवाडा अनवाणी फिरली. त्या बाईच्या पुढून मुद्दाम दोनदा गेली.

पेंढा भरलेले वाघ. एकासमोर बराच वेळ उभी. "डोळं काचंचं हायत न्हवं?" म्हटलं, हो. "तरी हलू देत न्हाई बघ माणसाला."

तिकिटं जपून ठेवली आहेत. परतताना बसमध्ये चार वेळा खिसा चाचपला.

घरी आबा काही बोलले नाहीत. म्हणजे राग आहे.

८ जानेवारी, बुधवार

राग आज बाहेर आला. जसं झालं तसं लिहितो, म्हणजे माझ्या डोक्यात गोंधळ नको.

गेल्याच्या गेल्या दिवाळीला अक्का मुरगूडहून माहेरी आली. दाजी स्वतः सोडून गेले. "चार दिवस ऱ्हा, न्यायला येतो." आले नाहीत. मध्ये सासूचा एक निरोप आला, की येऊ. कधी, ते नाही. आमच्याकडे लेकीनं आपण होऊन परत जायचं नसतं. न्यायला यावं लागतं. आणि न्यायला आले तर लेक घरात सापडली पाहिजे. म्हणून अक्का घरात. मामाच्या लग्नाला नाही. आठवडी बाजाराला नाही. एकदा दाढ ठणकत होती तरी दवाखान्याला निघेना, आपल्यामागं कोण आलं तर म्हणून.

आबा म्हणाले, "उद्या ते आलं आन ही न्हाई घावली, मग?"

मी म्हटलं, "थांबतील."

"ते थांबणारं हायत व्हय? आपुण पोरीकडचं."

पुढचं उत्तर सुचलं ते एमआयडीसीच्या गाडीत बसल्यावर. अक्का थांबली की इतके दिवस. तिला कोणी विचारलं का, थांबणारी आहेस का म्हणून?

आई वेगळंच म्हणते. "शेजारची देवाला म्हणून भाईर पडती, कोण काय बोलत न्हाई. तुमी काय म्हणून सांगायचं?" हे खरं आहे. आजोबांनी बुद्धाचा धर्म घेतला, तेव्हापासून आमच्या घरात देवाचं निमित्त नाही. पौर्णिमेला विहार, तोही गल्लीच्या टोकाला. मग कुठं चालला असं विचारल्यावर सांगायचं काय? बघायला. काय बघायला? नुसतं बघायला. हे कुणाला पटत नाही.

न पटू दे.

१२ जानेवारी, रविवार

टाऊन हॉलमधलं वस्तुसंग्रहालय. शिपाई शिक्षण विचारेल अशी भीती उगाच वाटत होती. नववी नापास म्हटल्यावर आत सोडत नाहीत असं कुठं लिहिलेलं नाही, तरी वाटत होती. त्यानं मान वर करूनही बघितलं नाही.

ब्रह्मपुरीची टेकडी खणली तेव्हा निघालेल्या वस्तू. मणी, भांडी. रोमकडच्या समुद्रदेवाची लहानशी मूर्ती. पाटी मी आधी मनात वाचली, मग अक्काला मोठ्यानं वाचून दाखवली.

"समुद्राचा देव? मग पंचगंगेवर काय काम त्येचं?"

"व्यापाऱ्यांबरोबर आला असेल."

"आन परत न्यायला कोण आलं न्हाई?"

मी पाटी पुन्हा वाचायला लागलो. मग तीच हसली. "बरं झालं. मान मिळाला की ह्येला हितं. काचंत बसलाय."

बाहेर पडल्यावर झाडाखाली ऊस खाल्ला. सालं मी कागदात गोळा केली. "तू बाईमाणसावानी करतोस," म्हणाली.

१९ जानेवारी, रविवार

खरेदी. चप्पल लाईन. पैसे अक्काचे, तिच्या गोधड्यांचे. मी द्यायला लागलो तर हात मागं सारला.

दुकानदारानं बायकांच्या चपला काढल्या, नक्षी, गोंडे. तिनं सगळ्या बाजूला केल्या. म्हणाली, करकर वाजणारी पाहिजे.

"ताई, करकर बाप्यांच्यात असतीय. बायकांच्यात आत विंचू घालत न्हाईत." (तळाच्या दोन चामड्यांमध्ये एक बी घालतात, तिला विंचू म्हणतात. त्यानं वाजतं.)

"घातला तर चावतोय व्हय?"

आतून कारागीर हसत बाहेर आला, तिच्या पायाचं माप कागदावर घेतलं. "असलं माप ह्या कामाला पयल्यांदाच. घालतो विंचू. फुडल्या रविवारी न्या. पर सांगून ठेवतो, लांबनं ऐकू येतंय."

"त्येच्यासाठीच," अक्का म्हणाली.

मापाची पावती मी दोनदा घडी घालून खिशात ठेवली.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी कारखान्यात झेंडावंदन, बुंदी. दुपारी चपला आणल्या. बसथांब्यापासून घरापर्यंत ती पुढं, मी मागं. सारी गल्ली दारात. कोपऱ्यावरची काकू म्हणाली, "मला वाटलं कोण सरपंच आलं."

"आल्यात की सरपंच. च्या टाका."

काकूनं खरंच चहा टाकला. अक्का तिच्या कट्ट्यावर बसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या दारात बसलेली बघितली.

आबांनी कानावर टॉवेल गुंडाळला.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचंही क्रमानं लिहितो.

आज रंकाळा, मग गुजरी. सोनं घ्यायचं नव्हतंच. अक्काला सोनार साज ओवताना बघायचा होता. एकानं बसायला चौरंग दिला. एकेक पान कशाचं ते सांगितलं. ती विचारत होती, तो सांगत होता. ऊन कलेपर्यंत तिथंच.

घरी आलो तर आई उंबऱ्यात बसलेली. मुरगूडहून येऊन गेले. सासू आणि दाजींचे चुलते. जीप घेऊन. नेमके आज.

आईकडून कळलं ते असं. "सून कुठाय?" "कोल्लापूरला गेलीया." "दवाखान्यात?" "न्हाई." "मग?" आईला खोटं सुचेना. "बघाय गेलीया." "काय बघाय?" "आसंच."

सासू म्हणाली, "आमी मान बाजूला ठिवून न्यायला आलो आन पोरगी भटकतीया. आता गावानं सांगावं कुणाचं चुकलं." पाणीसुद्धा न घेता गेले.

आबा माझ्याकडं बघत नाहीत. आई रडते आहे. मी ताटावरून उठलो. मी बहिणीचा संसार मोडला का? मोडला असं धरलं, तर आधी तो कुठं होता?

अक्कानं एवढंच विचारलं, "त्ये आलतं का?" म्हणजे दाजी. आई म्हणाली, न्हाई.

"मग न्यायला कोण आलतं? चुलतं?" आणि चूल पेटवायला गेली.

५ फेब्रुवारी, बुधवार

विहारात बोलावलं. तात्या आणि आणखी दोघं. तात्या समाजाचे वडीलधारे, सगळ्यांची भांडणं तेच मिटवतात. मुरगूडला फोन लावून आले होते. १६ तारखेला ते पुन्हा येतील, या वेळी दाजीपण. अटी: अक्का घरात पाहिजे. पुढं फिरणं बंद. आणि मी सगळ्यांसमोर चुकलो म्हणायचं.

मी म्हटलं, "मी काय चुकलो ते सांगा, मग म्हणतो."

तात्या म्हणाले, "लई शाणा हाईस बाळू. नववी नापास तू. तुला काय कळतंय रं त्या म्युझेममधलं?"

मी भिंतीला टेकलो. आणि बोललो. "तिकीट काढलं की सगळ्यांना सारखंच दिसतं, तात्या. आणि आपल्या माणसांना वर्षानुवर्षं कुठल्या कुठल्या दारातनं आत सोडत नव्हते, ते तुम्हीच आम्हाला ह्याच विहारात सांगितलंय. आता दार उघडं आहे तर घरातनंच अडवायचं?"

तात्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "त्यो इषय येगळा." मी म्हटलं, नाही. आणि निघालो. बाहेर आल्यावर नळावर तोंड धुतलं, दोनदा.

९ फेब्रुवारी, रविवार

कुठं गेलो नाही. उगाच वाढीव भांडण नको म्हणून मीच म्हटलं, आज राहू दे. अक्का दिवसभर गोधडी शिवत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "पन्हाळा कवा दावतोस?"

"१६ नंतर बघू."

"१६ ला काय हाय?"

"ते येणार आहेत की."

"मला कुणी इचारलं, कवा येऊ म्हणून?" सुई दातात धरली, दोरा तोडला. "तुमी सगळ्यांनी मिळून तारीख धरली. आता मी धरते. सोळालाच जाऊया. आबा हायत, आई हाय. च्या द्या म्हणावं. सांजच्याला येतो म्हणावं."

म्हटलं, अक्का, हे मोडेल.

"मोडलं तर आवाज तरी यील."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

झोप नाही. पॅकिंगमध्ये आज एका पेटीत दुसऱ्याच पार्टीचा माल भरला. सुपरवायझरनं सुनावलं. मी कधी असं करत नाही. पन्हाळ्याच्या गाड्या स्टँडवर जाऊन विचारून आलो. मग घरी येऊन वाटलं नीट ऐकलं नाही, म्हणून परत जाऊन विचारल्या.

आबांना सांगितलं, आम्ही १६ ला नसणार. मारतील वाटलं. ते म्हणाले, "मग मी काय सांगू त्येस्नी?"

"खरं ते."

१६ फेब्रुवारी, रविवार

पन्हाळा. आधी अंधारबाव, दगडी विहीर. खाली उतरायला मला भीती, अक्का सरळ उतरली. तीन दरवाजा. मग अंबरखाना, धान्याची कोठारं. आत शिरलं की आवाज घुमतो. मी सांगत होतो, वेढा पडला की गडावरचे लोक महिनोन्‌महिने आत बसायचे, त्यासाठी हे.

अक्का भिंतीवर हात फिरवत म्हणाली, "त्येंच्याकडं कोठारं हुती. मी काय खाऊन बसले रं घरात?"

दुपार झाली. जीप आली असेल. म्हटलं, आता निघूया का? ती म्हणाली, "घाई हाय तर तू जा. मला गाडी कळतीया." आणि सज्जा कोठीकडे चालू लागली. करकर करकर. मी मागून गेलो. गाडी तिला खरंच कळते हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

परतलो तेव्हा दिवे लागत होते. दारात जीप. सासू जीपमध्ये बसून, तोंड पलीकडं. तात्या नव्हते. अंगणात बाजेवर दाजी. एकटे. वाळलेत.

"कुठं गेलतीस?"

"पन्हाळ्याला."

"आज? आमी यायचं ठावं आसून?"

अक्कानं चपला काढल्या, पाय धुतले, त्यांना तांब्याभर पाणी आणून दिलं. ते प्यायले. मग म्हणाली, "सकाळधरनं थांबलासा. कसं वाटलं थांबून?"

दाजींनी तांब्या खाली ठेवला. जीपमधून सासू ओरडली, "आरं, येतीया का न्हाई ती? का ऱ्हाऊ दे?"

अक्का हळू बोलली, पण मी दारातच होतो, सगळं ऐकलं. "फुडल्या रविवारी मी आन बाळू विजापूरला चाललोय. गोलघुमट बघाय. यायचं आसलं तर पहाटं कोल्लापूर स्टँडवर या. एकटं या. मला न्यायला नगा येऊ. बघायला या. मग फुडचं बोलू."

"लोक काय म्हणतील?"

"लोक तिकीट काढत न्हाईत आपलं."

दाजी उठले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. जीप वळायला त्या बोळात फार वेळ लागला.

मी चुकलो म्हणायचं राहूनच गेलं. कोणी विचारलंही नाही.

जेवताना आबा इतकंच म्हणाले, "गोलघुमट म्हंजे किती उंच आसतोय?"

१९ फेब्रुवारी, बुधवार

सोमवारची रजा टाकली. कारण: प्रवास. क्लार्क म्हणाला, "कसला प्रवास? कोण आजारी हाय?" म्हटलं, कोणी नाही. "मग देवाला?" नाही. "मग?" सांगितलं. त्यानं वर बघितलं आणि सही केली.

मुरगूडहून काही नाही.

तात्या रस्त्यात भेटले. मान वळवतील वाटलं. थांबले. "विजापूरला चाललाय म्हणं." हो. मान हलवून विहाराकडं गेले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पिशवी भरली. पाण्याच्या बाटल्या, टॉवेल, डोकेदुखीच्या गोळ्या. काढून पुन्हा भरली. निरोप नाही. शेजारच्या फोनवरही काही नाही. अक्कानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तिला विचारलं, आले तर काय करायचं? म्हणाली, "खिडकीची जागा मी सोडणार न्हाई."

आणि नाही आले तर?

"तर बी."

संध्याकाळी आई परात घेऊन बसली. "भाकरी किती जणांच्या बांधू?"

मी म्हटलं, "दोघांच्या तर बांधच."

आईनं अक्काकडं बघितलं. अक्का वेणी घालत होती. आईनं पीठ जरा जास्तच घेतलं.