वाघ आला त उठवजा

बाबा, मागच्या आठवड्यात मी कान्हाला जाऊन आले. पोराने नेलं. परत आल्यापासून जुनवानीतल्या आमच्या बिल्डिंगमधला जो तो विचारतोय, वाघ दिसला का? मी सांगते, दिसला, अगदी रस्त्यावर आला होता. कान्हाला जाऊन वाघ न बघता परतलेल्या माणसाकडे लोक असे बघतात, जसं काही तो लग्नाला जाऊन उपाशी परत आलाय. म्हणून तिखटमीठ लावून सांगते. तुम्हाला मात्र खरं काय झालं ते सांगायचं आहे, आणि ते सांगायचं तर आपल्या मरोद्याच्या क्वार्टरपासून सुरुवात करावी लागेल.

तुमची नाइट असली की आपलं घर मुकं व्हायचं. सकाळी तुम्ही पोलाद कारखान्याच्या भट्टीवरून यायचे, आंघोळ करून चहात पोळी बुडवून खायचे आणि आतल्या खोलीत जायचे. आई खिडकीला घोंगडी लावायची. मोरीतल्या नळाखाली चिंधी ठेवायची, म्हणजे बादलीत पाणी पडताना आवाज होणार नाही. नाइटच्या आठवड्यात कुकर लागत नसे, शिटी होते म्हणून. भात पातेल्यात शिजायचा आणि खाली लागायचा. भाजीवाली आपल्या दाराशी आली की हाळी न देता कडी हलकेच वाजवायची. आणि ब्लॉकमधली पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळायची तीसुद्धा तोंड मिटून. कुणाच्या ना कुणाच्या घरी नाइटवाला निजलेला असायचाच. आउटचं अपील बोट वर करून, चौकार हात हलवून, आणि भांडण झालंच तर रस्त्याच्या टोकाला जाऊन. बाहेरून आलेल्या माझ्या मावसभावाला वाटलं होतं की ही सगळी पोरं मुकी-बहिरी आहेत.

एकदा माझ्या हातून पातेल्यावरचं झाकण पडलं. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. ते फरशीवर गोल गोल फिरत राहिलं आणि मी नुसती बघत राहिले. तुम्ही उठून दारात आलात. मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघून म्हणालात, "झोप मोडली न बाई, त पुन्हा लागत नाही मले." त्या रात्री तुम्ही तसेच ड्युटीला गेलात आणि सकाळी परत येताना सायकलवर डुलकी लागून पडलात. कपाळाला टाके पडले. तुम्ही म्हणालात, कुत्रं आडवं आलं. पण त्या दिवसापासून आपल्या घरात तुम्हाला उठवणं हे पाप झालं. देवाला पाय लागला तर नमस्कार करून सुटता येतं. तुमच्या झोपेला सुटका नव्हती.

तुमच्या सेक्शनमधले लोक एल.टी.सी.ची प्रवासरजा घेऊन कुठे कुठे जायचे. कुणी काश्मीरला जाऊन फेरन घालून फोटो काढायचा, कुणी उटीहून चॉकलेट आणायचं, कुणी कन्याकुमारीहून शंख. आपली एल.टी.सी. दर वेळी भंडाऱ्याजवळच्या गावी जायची, कारण कुणाचं तरी लग्न असायचं. शेवटी आईने तोंड उघडलं. "सगळे उटी-काश्मीर करून आले, आमालेच कावून गावाचा रस्ता?" तुम्ही म्हणालात, "मले थंडी झेपत नाही. जल्म भट्टीपाशी गेला." मग बरीच घासाघीस होऊन कान्हा ठरलं. सेक्शनातल्या लोकांनी मिळून मेटाडोर केली. तुम्ही पावर हाउस भागातल्या बाजारातून प्लास्टिकची दुर्बीण आणलीत, माझ्यासाठी म्हणून, आणि आठवडाभर स्वतःच गळ्यात घालून फिरलात.

निघायच्या दिवशी तुम्ही नाइट करूनच आलात. बदली मिळाली नाही, की तुम्हीच मागितली नाही, कोण जाणे. गाडीत झोपाल असं आईला वाटलं होतं, पण ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून तुम्ही त्याच्या शेजारी बसून पूर्ण चिल्फी घाट क्रिकेटवर बोलत राहिलात. तो बिहारचा होता, त्याला फास्ट बॉलर आवडायचे. तुमचा एकच देव, आपला ओपनर, ज्याचं कॅलेंडर आपल्या देवघराशेजारी टांगलेलं होतं. तुम्ही त्याला 'आपला पोरगा' म्हणायचे. तो आउट झाला की तुम्ही जेवायचे नाही आणि शतक मारलं की आईला शिरा करायला लावायचे. दुपारी पोचलो आणि तसेच जंगलात शिरलो. उघडी जीप, सालाच्या झाडांखालची गार हवा. थोड्याच वेळात तुमची मान छातीवर आली.

आणि मग तो आला. गवतातून निघाला आणि रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला, इतका जवळ की त्याच्या पोटाची कातडी हलताना दिसत होती. गाइडने हात वर केला. मी तुमच्याकडे वळले. आईने माझा हात धरला आणि ओठांवर बोट ठेवलं. "झोपू दे त्यायले," असं ती नुसत्या ओठांनी म्हणाली. जीपमध्ये तुमच्याच सेक्शनची माणसं होती, नाइट करणारी. त्यांच्यापैकी एकानेही तुम्हाला हलवलं नाही. वाघासमोर सगळी जीप गप्प होती, पण आमची अर्धी चुप्पी तुमच्यासाठी होती. दुर्बीण तुमच्या छातीवर वरखाली होत होती. वाघ गेला. तुम्ही उठलात तेव्हा सगळे एकदम बोलू लागले होते.

"मले कावून नाही उठवलं?" तुम्ही विचारलंत. आईने तुमच्या खांद्यावरची धूळ झटकली. तुम्ही थोडा वेळ रिकाम्या रस्त्याकडे दुर्बिणीतून बघत बसलात, मग हसलात. "पुढच्या वेळेस वाघ आला त उठवजा मले." पुढे ती आपल्या घरातली थट्टाच झाली. नाइट करून झोपायला जाताना तुम्ही रोज म्हणायचे, वाघ आला त उठवजा. म्हणजे तसं काही महत्त्वाचं नसेल तर उठवू नका. हसत हसत तुम्ही आम्हाला तोच धडा पुन्हा दिलात, बाबा. त्याचा मला आजही राग येतो.

पुढे काही वर्षांनी, त्या एका दिवशी मात्र तुम्ही वेगळं म्हणाला होतात. मॅच होती. मी कॉलेजात होते, सुट्टी होती. तुम्ही आलात तेच राखेसारखा चेहरा घेऊन. चहा अर्धा टाकलात, पोळीला हात लावला नाहीत. "पित्त झालं," म्हणालात. आणि आत जाताना दारात थांबून, "आपला पोरगा बॅटिंगले आला का उठवजा मले. आज तो मारते." मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून बसले. तो आला. हेल्मेट नीट केलं, आभाळाकडे बघितलं, गार्ड घेतला. मी उठले तर आई म्हणाली, "थांब न थोडं. पाह्यलं नाही का कसे आले ते? घटकाभर लागू दे डोळा." मी बसले. तो मारत होता, बाबा. काय मारत होता! आवाज नसलेल्या टीव्हीवर माणसं उड्या मारत होती आणि मी तोंडात ओढणी कोंबून बसले होते. शेजारून आरडाओरडा झाला तशी आई पदर खोचून त्यांना गप्प करायला गेली. त्याचं शतक झालं. बॅट वर केली. आई दारापर्यंत जाऊन माझ्याकडे वळली. "उठवू का व?" आणि मग स्वतःच म्हणाली, "जाऊ दे. रात्री हायलाइट दाखवतीन. तेव्हा पाह्यतीन."

ऊन उतरल्यावर मी चहा घेऊन आत गेले. तुम्ही भिंतीकडे तोंड करून होतात. मी पायाला हात लावला. पुढचं लिहीत नाही.

डॉक्टरने विचारलं, "कब से सो रहे थे?" आई म्हणाली, "नाइट से आए थे." जणू ते उत्तर होतं. तो म्हणाला, बहुत देर हो चुकी है. वेळेवर उठवलं असतं तर वाचले असते का, हे मी विचारलं आणि त्याने खांदे उडवले. तेवढ्या खांदे उडवण्यावर मी इतकी वर्षं काढली आहेत. तुम्हाला अंगणात ठेवलं होतं तेव्हा इंडिया जिंकली. लांब कुठेतरी फटाके सुरू झाले. काकालोक धावले, अरे बंद करा रे. तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. "फोडू द्या. आता नाही मोडत त्यायची झोप."

तुमच्यामागे आई आवाज करणारी बाई झाली. भांडी आपटायची, नळ धो धो सोडायची, भर दुपारी कुकरच्या शिट्ट्या मोजत बसायची. क्वार्टर सोडून आम्ही भाड्याच्या घरात गेलो, पुढे माझ्या लग्नानंतर ती माझ्याकडे आली, तरी तेच. माझे मिस्टर रेल्वेत, स्वभावाने शांत, ते नुसते कानात कापूस घालायचे. एकदा माझा तोल गेला आणि मी तिला म्हणाले, "आता कशाला वाजवतेस? तेव्हा मला उठवू दिलं असतंस तर?" तिने हातातली ताटली खाली ठेवली, अगदी हलकेच, आवाज न करता. त्यानंतर ती जगली तोवर माझ्या घरात आवाज झाला नाही. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

आणि माझं काय? माझा पोरगा घरी बसून रात्रभर कुठल्या तरी परदेशी कंपनीचं काम करतो आणि दिवसा झोपतो. मी त्याला उठवते. पाणी हवं का, पंखा कमी करू का, काहीही कारण काढून. दारात उभी राहून त्याची छाती बघते आणि जरा शंका आली की खांदा हलवते. तो चिडतो. "मम्मी, तू मुझे सोने नहीं देती. मैं पुणे में रूम ले लेता हूं." त्याला मी तुमचं सांगितलं आहे, पण तो तुम्हाला फोटोत ओळखतो, त्यापलीकडे काय समजणार? मला ठाऊक आहे की मी अशीच वागले तर हा जाणार. आणि ठाऊक असून हात थांबत नाही. मध्यंतरी मरोद्याला कामाने गेले होते, आपल्या क्वार्टरवरून. खिडकीला भरदुपारी चादर लावलेली. मी काय केलं असेल? बेल दाबली. एक तरुण बाई धावत आली, ओठांवर बोट. "धीरे, आंटी. वो नाइट से आए हैं, सो रहे हैं." तिला सांगायचं होतं, एकदा हात लावून बघ ग. मी म्हटलं, गलत घर, आणि निघाले.

हे सगळं झाल्यावर पोराने कान्हाचं ठरवलं. लहानपणापासून माझ्या तोंडून ती गोष्ट ऐकत आलाय, म्हणून असेल. किंवा पुण्याला जायच्या आधी आईला एकदा फिरवून आणावं, म्हणूनही असेल. तोही रात्रभर काम करूनच निघाला. जीपमध्ये बसल्यावर म्हणाला, "टाइगर दिखे तो उठा देना," आणि माझ्या खांद्याला टेकून झोपला. बाबा, माझा जीव कसा झाला असेल तुम्हीच समजा.

वळणावर जीप थांबली. पुढच्या बाकावरचे लोक एकदम ताठ झाले. गाइड मागे वळून घाईघाईने म्हणाला, "भैया को उठाइए, मैडम, जल्दी!" मी हात उचलला. त्याच्या खांद्याकडेच नेत होते. त्याचं तोंड थोडं उघडं होतं, दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. इतकं दमलेलं मी त्याला कधी नीट पाहिलंच नव्हतं, कारण मी बघायच्या आधीच उठवत आले होते. आणि माझा तोच हात, मी न सांगता, वर आला आणि बोट ओठांवर गेलं. आईचं बोट. हुबेहूब. गाइड बघतच राहिला. त्या क्षणी मला कळलं की आईने तुम्हाला दोन्ही वेळा का उठवलं नाही, आणि हे तिला सांगायला ती नाही.

जीप सुरू झाली तेव्हा तो जागा झाला. लोकांचे चेहरे बघून समजला. "उठाया क्यों नहीं?" मी आईसारखीच त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली. तो डोळे चोळत हसला. "चलो, पहली बार तूने सोने तो दिया." पुण्याच्या रूमचं बोलणं त्याने अजून पुन्हा काढलेलं नाही. काढेलही.

हे पत्र तुमच्या फोटोमागेसुद्धा ठेवणार नाही, पोराच्या हाती लागेल. एवढंच सांगायचं होतं. वाघ रस्त्यावर आला होता, थांबला होता, लोक म्हणतात बराच वेळ थांबला होता. मी त्याला पाहिलं नाही, बाबा. मी पोराची छाती वरखाली होताना बघत होते.